आधी तपासा, मग औषध लावा : नखांची आणि केसांची बुरशी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलं आहे, फक्त थोडी साफसफाई केली आहे.)

 

आजचा विषय आपण बुटात लपवतो. पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं पडलेलं असतं, जाड झालेलं असतं, खालून भुगा निघतो. मग लग्नाकार्यात चप्पल काढायची वेळ आली की पाय दुसऱ्या पायामागं जातो. घरात कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मले काई होत नाई ना बाप्पा, दुखत नाई, खुपत नाई, कायले डॉक्टर?" आणि अशीच चार-पाच वर्षं जातात.

दुसरीकडं उलटं होतं. डोक्यात एक गोल चकती दिसली की दुपारपर्यंत मेडिकलमधून ट्यूब आणलेली असते. नक्की काय झालंय हे कोणी पाहिलेलंच नसतं.

आज या दोन्ही सवयींबद्दल बोलू. नखाची बुरशी, केसांची बुरशी, ती कशानं होते, तिचा इलाज किती दिवसांचा असतो आणि मधे आपण कुठं घोळ घालतो. सांगायचं मुख्य एकच आहे, आधी तपासायचं, मग औषध. हे का, ते समजायला शेगावला जाऊन येऊ.

शेगावचं प्रकरण आठवतं?

डिसेंबर २०२४ संपत आला होता. अकोल्याच्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमधून बातम्या यायला लागल्या. लोकांचे केस गळतायत. आधी डोक्याला खाज, मग केस नुसते हातात येतायत, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, माणसं, कॉलेजची पोरं-पोरी, सगळे. जानेवारी २०२५ मध्ये ते व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. लोकांनी लाजेनं टोप्या घातल्या, काहींनी आधीच डोकं भादरून घेतलं. पोरींच्या कॉलेजवर, जमलेल्या लग्नांवर त्याचा परिणाम झाला.

सुरुवातीला संशय कोणावर आला? बुरशीवर. पाणी खराब आहे, त्यातून डोक्याला बुरशी लागली असेल, असं बोललं गेलं. आरोग्य खात्यानं पाण्याचे नमुने घेतले, डोक्याच्या त्वचेचे नमुने घेतले. मग आयसीएमआरची पथकं आली, रक्त, लघवी, केस, धान्य सगळं तपासायला गेलं.

पुढं पद्मश्री डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी यात लक्ष घातलं. हे महाडचे, विंचूदंशावरच्या कामामुळं जगभर ओळखले जाणारे डॉक्टर. त्यांच्या अभ्यासात बोट गेलं ते गव्हाकडं. बाधित लोकांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम नावाचं मूलद्रव्य नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त निघालं, आणि रेशनवर आलेल्या गव्हातही ते भरपूर होतं. सेलेनियम शरीराला लागतं, पण चिमूटभराच्याही खूप कमी. जास्त झालं की पहिला फटका केसांना आणि नखांना बसतो. आणि झालंही तसंच. काही महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, त्याच तालुक्यातल्या काही गावांत लोकांची नखं खराब होऊन गळायला लागल्याच्या बातम्या आल्या.

आता विचार करा. ज्या माणसानं बुरशी समजून आठवडाभर डोक्याला बुरशीची क्रीम चोळली, त्याचा फायदा काय झाला? काहीच नाही. ताटातली पोळी तशीच राहिली.

आणि नीट पाहिलं तर बुरशीचं वागणं या गावांतल्यासारखं नसतंच. डोक्याची बुरशी बहुतेक लहान मुलांना होते, मोठ्यांना क्वचित. ती एक-दोन चकत्यांनी सुरू होते, हळूहळू पसरते, तिथं खपल्या दिसतात, केस मुळापाशी तुटलेले दिसतात. अख्ख्या गावातल्या सगळ्या वयाच्या लोकांना तीन दिवसांत टक्कल पाडणं हे तिचं काम नाही. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं परत कामी येईल.

मग खरी बुरशी कशी असते?

आपल्या त्वचेचा वरचा थर, केस आणि नखं हे सगळं एकाच पदार्थापासून बनतं. त्याचं नाव केराटिन. काही बुरश्या अशा आहेत की त्यांचं जेवणच केराटिन आहे. डॉक्टर त्यांना डर्मॅटोफाइट म्हणतात. अंगावर आल्या तर आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. पायाच्या बोटांच्या बेचक्यात आल्या की चिखल्या. डोक्यात आल्या की जुनी माणसं खवडा म्हणायची. आणि नखात शिरल्या की नखाची बुरशी. नावं वेगळी, खानदान एकच.

नखात जास्त करून सापडणारी बुरशी म्हणजे ट्रायकोफायटॉन रुब्रम. ती थेट नखावर येऊन बसत नाही. बहुतेक वेळा आधी चिखल्या होतात. बेचकं पांढरं पडतं, खाजतं, साल निघतं. आपण तिकडं दुर्लक्ष करतो. तिथून बुरशी नखाच्या टोकाखाली किंवा कडेनं आत शिरते आणि हळूहळू मुळाकडं सरकते. म्हणून सुरुवात अंगठ्याच्या कोपऱ्यातल्या एका पिवळट डागानं होते. मग नख जाड होतं, ठिसूळ होतं, खालच्या मांसापासून सुटतं आणि मधे भुगा साठतो.

हाताच्या नखांची एक वेगळी गोष्ट आहे. ज्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात, म्हणजे भांडी घासणाऱ्या मावशी, हॉटेलात काम करणारी पोरं, घरातली आई, त्यांच्या नखाच्या मुळाशी सूज येते, लाल होतं, दाबलं की दुखतं. नखुरडं म्हणतो आपण. वारंवार होणाऱ्या, जुन्या नखुरड्यात बऱ्याचदा कॅन्डिडा नावाची वेगळी बुरशी असते. तिथं हात कोरडे ठेवल्याशिवाय कोणतंच औषध टिकत नाही. सुती हातमोजा आणि त्यावर रबरी हातमोजा, हा खरा इलाज. आईला नवा मोबाईल नंतर द्या, आधी हे आणून द्या.

आपल्याकडंच एवढं का?

अकोल्याचा मे महिना कोणाला सांगायला नको. पारा ४५ च्या वर. त्यात नायलॉनचे मोजे, बंद बूट आणि घट्ट जीन्स. पाय घामानं भिजलेला. मग पावसाळा आला की काळ्या मातीचा चिखल, सोयाबीन आणि कपाशीत निंदण, फवारणीला गेलं की दिवसभर गमबूट. बुरशीला काय पाहिजे? उब, ओल आणि अंधार. बुटात तिन्ही फुकट मिळतं.

आता तरुणांकडं वळू. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे मैदानावर असतात. बूट एकच जोड, तो घामानं ओला, रात्रीतून वाळत नाही, दुसऱ्या दिवशी परत तोच. वर बूट अर्धा नंबर लहान, म्हणून धावताना अंगठा पुढं आदळतो. नखाला रोज मार बसला की ते मांसापासून सुटतं, आणि सुटलेल्या नखाखाली बुरशीला मोकळी वाट मिळते. अमरावतीत, अकोल्यात अभ्यासिकांच्या आसपास एका खोलीत चार-चार पोरं राहतात. टॉवेल एक, नेलकटर एक, बाथरूमची चप्पल एक. एकाला झालं की खोलीला होतं.

आखाड्यात जाणाऱ्यांनीही ऐका. कुस्तीत अंगाला अंग लागतं. मॅट आणि लंगोट स्वच्छ नसेल तर नायटा एका पैलवानाकडून दुसऱ्याकडं जातो. हे जगभरच्या कुस्तीगिरांत होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण नायटा पूर्ण बरा होईस्तोवर मातीवर किंवा मॅटवर उतरू नका.

मधुमेह असेल, वय जास्त असेल, पायात रक्तपुरवठा कमी असेल, तर बुरशी लवकर लागते. आणि तिथं ती फक्त दिसण्यापुरती राहत नाही. शुगर असलेल्या माणसाला पायाची जाणीव कमी असते. जाड नख बुटात रुततं, कडेला जखम होते, त्याला कळत नाही, आणि त्या जखमेतून पाय सुजतो, पिकतो. म्हणून घरी बाबांना शुगर असेल तर आज रात्री त्यांचे पाय एकदा बघा. त्यांनी "काई नाई" म्हटलं तरी बघा.

सगळी खराब नखं बुरशीची नसतात

हा आजचा सगळ्यात कामाचा भाग. खराब दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्यांमध्येच बुरशी असते. उरलेली निम्मी?

सोरायसिसमध्ये नखावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात आणि नख जाडही होतं. धावणाऱ्याच्या अंगठ्याखाली रक्त साठून नख काळं पडतं. हळद, मेंदी, गडद नेलपॉलिश यांनी पिवळं दिसतं. सतत ओल्या राहणाऱ्या, सुटलेल्या नखाखाली एक जिवाणू वाढतो आणि नख हिरवं दिसतं. आणि सेलेनियमचं तर आत्ताच बोललो.

एक गोष्ट मात्र थांबून ऐका. कोणत्याही मार-बिर न लागता एकाच नखात काळी-तपकिरी उभी रेघ नव्यानं आली, ती रुंद होत चालली, किंवा तो रंग नखाच्या बाजूच्या कातडीवर उतरला, तर बुरशी म्हणून वाट पाहत बसू नका. क्वचित ते त्वचेचा कॅन्सर असू शकतं. लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

अंगावरच्या डागाचंही तसंच. नायटा खाजतो. पण फिक्कट किंवा लालसर चट्टा असेल, खाजत नसेल आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर नायट्याची ट्यूब लावू नका. कुष्ठरोगाची तपासणी करा. अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांचं तपोवन आहे, त्या नावाशी आपली जुनी ओळख आहे. आज हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या गोळ्या फुकट मिळतात. मात्र उशीर केला की हातापायाच्या नसा जातात, त्या परत येत नाहीत.

मग बुरशी आहे हे कळणार कसं? तपासणी सोपी आहे. नखाखालचा भुगा खरवडून, नखाचा तुकडा कापून घेतात. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात. यालाच केओएच तपासणी म्हणतात. त्यानं केराटिन विरघळतं, बुरशीचे धागे तसेच राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. नेमकी कोणती बुरशी ते पाहायचं असेल तर नमुना वाढवायला ठेवतात, त्याला कल्चर म्हणतात. त्याला तीन-चार आठवडे लागतात, कारण बुरशी सावकाश वाढते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नमुना औषध सुरू करायच्या आधी द्यायचा. औषध लावून गेलात तर बुरशी असूनही सापडणार नाही. दोन, एकदा काही निघालं नाही तरी डॉक्टर परत नमुना मागू शकतात. त्यात ते तुम्हाला लुटत नाहीत. नखातून बुरशी हाती लागणं थोडं नशिबाचं असतं.

"पण भाऊ, तपासणीचा खर्च कायले करायचा, गोळी घेऊन पाहू ना!" हे नेहमी ऐकू येतं. अरे, गोळी तीन महिन्यांची आहे. तीन महिने गोळी खाऊन मग कळलं की ते सोरायसिस होतं, तर महाग काय पडलं?

नखाचा इलाज : घाई नको

आता इलाज. आधी नखाचं गणित समजून घ्या, मग पुढचं सोपं आहे. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं. म्हणजे हाताचं नवं नख यायला सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचं यायला वर्ष ते दीड वर्ष. बुरशीनं खराब झालेलं नख परत चांगलं होत नाही. ते पुढं सरकत जातं, आपण कापत जातो, मागून नवं येतं. औषधाचं काम एवढंच की मागून येणाऱ्या नव्या नखात बुरशी शिरू द्यायची नाही.

बुरशी थोडी असेल, टोकाकडच्या भागात असेल, एक-दोन नखांतच असेल, तर लावायचं औषध चालू शकतं. पण साधी क्रीम नखाच्या आत जात नाही. त्यासाठी नखावर लावायचं नेलपॉलिशसारखं औषध असतं, अमोरोल्फिन किंवा सायक्लोपिरॉक्सचं. अमोरोल्फिन आठवड्यातून एक-दोनदा, आधी नख घासून, आणि हे कित्येक महिने. सहा महिने, कधी वर्ष.

बुरशी मुळापर्यंत गेली असेल किंवा बरीच नखं असतील तर पोटातून गोळी लागते. मोठ्या माणसांसाठी नेहमी वापरलं जाणारं औषध टर्बिनाफिन. रोज एक गोळी, हाताच्या नखांसाठी साधारण सहा आठवडे आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे. दुसरं औषध इट्राकोनाझोल. ते काही वेळा महिन्यातून एक आठवडा घ्यायचं आणि तीन आठवडे सुट्टी, असं देतात.

या गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून घ्यायच्या नाहीत. का ते सांगतो. टर्बिनाफिन क्वचित लिव्हरला त्रास देतं, म्हणून सुरू करायच्या आधी डॉक्टर लिव्हरची रक्ततपासणी करायला सांगतात. काही जणांची तोंडाची चवही जाते. इट्राकोनाझोल हृदय कमजोर असलेल्यांना चालत नाही आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसकट बऱ्याच औषधांशी त्याचं जमत नाही. गरोदर बाईनं यातलं काहीही स्वतःच्या मनानं घेऊ नये. तुम्ही घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा, आयुर्वेदिक असली तरी.

आता फसगत कुठं होते ते बघा. बारा आठवडे संपतात, पोरगा नख बघतो, ते तसंच पिवळं. म्हणतो, औषध फेल. तसं नसतं. गोळी बंद केल्यावरही औषध नखात काही महिने राहतं आणि काम करतं. मुळाशी बघा, तिथं स्वच्छ, गुलाबी नख यायला लागलंय का? येत असेल तर काम झालंय, फक्त नख पुढं सरकायची वाट पाहायची.

यासाठी तुमच्या खिशातला फोन वापरा. दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून नखाचा फोटो काढा. रोज बघून फरक कळत नाही, सहा फोटो शेजारी ठेवले की कळतो. आणि डॉक्टरांकडं गेल्यावर हेच फोटो दाखवा.

खरं तेही सांगतो. सगळं व्यवस्थित करूनही काही जणांचं नख पूर्ण पहिल्यासारखं होत नाही. आणि बरं झाल्यावर परत होऊ शकतं, कारण बुरशी जुन्या बुटात, बेचक्यात, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या पायात शिल्लक असते. म्हणून चिखल्यांचा इलाज सोबतच करायचा.

घरगुती उपायांचं काय? लिंबू, व्हिनेगर, खोबरेल लावलं तर फार बिघडत नाही, पण नखाच्या आत काही पोचत नाही. पावसाळ्यात आपण तरोट्याची भाजी खातो, त्याच तरोट्याचं बी जुनी माणसं नायट्यावर घासायची. भाजी खुशाल खा, नखासाठी त्याच्यावर अवलंबून राहू नका. बिबा मात्र अजिबात लावू नका. बिब्यानं कातडी भाजते, फोड येतात, आणि बुरशीच्या जोडीला नवी जखम.

डोक्यातली बुरशी : खवडा, चाई आणि कोंडा

केसांकडं येऊ. इथं तीन गोष्टींची सरमिसळ होते.

पहिली चाई. डोक्यात किंवा दाढीत अचानक एक गोल चकती, गुळगुळीत, चकचकीत, खपली नाही, खाज नाही. ही बुरशी नाही. आपलीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. ती कोणाला लागत नाही आणि तिचा इलाज वेगळा आहे.

दुसरा कोंडा. त्यात मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते, पण ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते, तेलावर जगते. ती केस खात नाही. किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुतला की बहुतेकांचं भागतं.

तिसरी खरी केसांची बुरशी, खवडा. ती जास्त करून शाळेतल्या मुलांना होते. चकती असते, पण त्यावर पांढरट खपल्या असतात, केस मुळापाशी तुटलेले असतात, कधी नुसते काळे ठिपके दिसतात. मानेला गाठी येतात. कंगवा, टोपी, उशी, न्हाव्याचं मशीन यातून ती पसरते. काही प्रकार मांजराच्या, कुत्र्याच्या पिल्लांकडून येतात. आणि शेतकऱ्यांच्या घरी एक प्रकार वासरांकडून येतो. वासराच्या डोळ्याभोवती, मानेवर राखाडी, जाड खपल्यांच्या गोल चकत्या दिसल्या तर पशुवैद्याला दाखवा, आणि त्याला हात लावून झाला की साबणानं हात धुवा.

याच बुरशीचा एक रागीट प्रकार असतो. डोक्यावर मऊ, सुजलेला, पू भरलेला गोळा येतो. डॉक्टर त्याला केरिऑन म्हणतात. तो गळूसारखा दिसतो, म्हणून घरचे म्हणतात, चिरा मारून पू काढा. चिरा मारायचा नाही. आतून बुरशीची गोळी वेळेत मिळाली तर केस परत येतात. उशीर झाला तर तिथं डाग राहतो आणि त्या जागी जन्मभर केस येत नाहीत.

डोक्याच्या बुरशीला नुसती क्रीम किंवा शाम्पू पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या आत, मुळात असते. पोटातूनच औषध लागतं. ग्रिसिओफल्व्हिन हे त्यातलं जुनं आणि मुलांसाठी आजही वापरलं जाणारं औषध. दुधासारख्या, थोडी चरबी असलेल्या खाण्यासोबत घेतलं की चांगलं लागू पडतं. कोर्स सहा-आठ आठवड्यांचा, कधी जास्त. टर्बिनाफिनही देतात, वजनाप्रमाणं. शाम्पू सोबत देतात तो दुसऱ्यांना लागू नये म्हणून. हे औषध यायच्या आधी, म्हणजे १९५० च्या दशकापर्यंत, काही देशांत मुलांचे केस क्ष-किरणांनी गाळून खवड्याचा इलाज करत, आणि त्यातल्या काही मुलांना पुढं कॅन्सर झाले. आज एका गोळीनं काम होतं, त्याची किंमत तेव्हा लोकांनी मोजली आहे.

आणि एक विनंती. अशा पोराला वर्गात "टकल्या" म्हणू नका, म्हणू देऊ नका. शाळा सुटण्याचं कारण रोग नसतो, चिडवणं असतं.

ती एक ट्यूब

आता जरा कडक बोलतो. "दे ना गा भाऊ, ती खाजेची ट्यूब." हे वाक्य आपल्या गावच्या प्रत्येक मेडिकलवर रोज ऐकू येतं. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा तीन-चार औषधं एकत्र असतात, बुरशीचं, जिवाणूंचं आणि स्टेरॉइड. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज जाते, लाली जाते. आपण खूश. पण स्टेरॉइड बुरशी मारत नाही, ते तिथली राखणदारी झोपवतं. बुरशी आत निवांत पसरते. ट्यूब बंद केली की दुप्पट खाज. मग परत ट्यूब. सहा महिन्यांत जांघेतून पोटावर, पाठीवर, तोंडावर. जांघेत कातडी पातळ होऊन कायमच्या रेघा पडतात, त्या कोणत्याच औषधानं जात नाहीत.

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं कातडीवर लावायची स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. नियम आहे, पण ट्यूब मागणारा हातही आपलाच आहे. म्हणून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. नायट्यावर स्वतःच्या मनानं लावायचं नाही.

याचा फटका फक्त एका माणसाला बसत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात हट्टी नायट्याची साथच आली. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्यातल्या एका बुरशीला वेगळं नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच आपला देश आहे. या बुरशीच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही. २०२३ मध्ये ती अमेरिकेतही सापडली. अर्धवट सोडलेले कोर्स आणि स्टेरॉइडच्या ट्यूबा यांनी तिला मोठं व्हायला मदत केली, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. जे औषध आज पाच आठवड्यांत काम करतं, ते उद्या तुमच्या बहिणीच्या पोरावर चालेल का, हे आपण आज ट्यूब कशी वापरतो त्यावर ठरतं.

आजपासून काय करायचं

पटापट सांगतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पाय धुतल्यावर बोटांची बेचकी कोरडी पुसा. बुटांचे दोन जोड ठेवा, एक दिवसाआड घाला, मधे ऊन द्या. मोजे सुती आणि रोज धुतलेले. नेलकटर, टॉवेल, कंगवा, वस्तरा ज्याचा त्याचा. खराब नखाला वापरलेलं नेलकटर चांगल्या नखाला लावायचं नाही. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. पायाला बुरशी असेल तर आधी मोजे घाला, मग अंतर्वस्त्र. हसू नका, पायावरून कपडा वर ओढताना बुरशी जांघेत जाते, म्हणून हे सांगतात. कटिंगला गेलात की मशीन पुसून, निर्जंतुक करून घ्यायला सांगा, त्यात कोणाचा अपमान नाही. घरात दोघा-तिघांना खाज असेल तर सगळ्यांचा इलाज एकाच वेळी करा.

दाखवायचं कुठं? जवळ त्वचारोगतज्ज्ञ असतील तर उत्तम. नाही तर अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे, अमरावतीत इर्विन आहे, पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सकाळच्या ओपीडीत त्वचारोग विभागात जा. जाताना नेलपॉलिश काढून जा, त्या दिवशी क्रीम लावू नका, आणि आधी लावलेल्या ट्यूबचं खोकं सोबत न्या. तिथं एकच प्रश्न विचारा, "डॉक्टर, औषधाआधी केओएच करायचं का?"

शेगावच्या लोकांना उत्तर मिळालं, कारण कोणीतरी डोक्यावर थांबलं नाही, ताटापर्यंत गेलं. आपल्या नखाला तेवढीही मेहनत लागत नाही. एक तुकडा कापून द्यायचा असतो.

हा भाग डॉक्टरांच्या जागी नाही, डॉक्टरांकडं पाठवण्यासाठी आहे. तुमच्या रूममेटच्या बुटाचा वास येत असेल तर त्याला काही न बोलता लिंक पाठवा, तो समजून जाईल. भेटू पुढच्या भागात. तोवर पाय कोरडे ठेवा राजेहो!